‘तुला झेपणार नाही’ हे ठरवणारे कोण? पेण-रोह्यातल्या मुली, विज्ञान आणि आपले शिक्षक

अकरावीचे प्रवेश 2025 पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. सायबर कॅफेवाला फॉर्म भरण्याचे पैसे घेतो, पण चूक झाली तर ती विद्यार्थ्याच्या माथी. म्हणून यंदा आम्ही रोहा तालुक्यातल्या एका बुद्धविहारात लॅपटॉप घेऊन बसलो होतो. तिसऱ्या दिवशी एक मुलगी आईबरोबर आली. दहावीला 81 टक्के. विज्ञानात 84, गणितात 79. शाखा कोणती भरायची, असे विचारले तर म्हणाली, आर्ट्स.

आर्ट्सला आमचा विरोध नाही. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र शिकलेली माणसे चळवळीला हवीतच. पण तुला आवड कशाची, असे विचारल्यावर मुलगी गप्प बसली आणि आई बोलली. ‘‘सरांनी सांगितलंय दादा, सायन्स हिला झेपणार नाही. उगाच नापास झाली तर घरी बसायची.’’

हे सर आम्हाला माहीत आहेत. ते आपल्याच समाजातले आहेत. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे असतात. दोन पोरांची परीक्षा फी त्यांनी स्वतःच्या खिशातून भरलेली आम्ही पाहिली आहे. शिक्षक जातीयवादी निघाला असता तर हा लेख लिहिणे सोपे गेले असते; निवेदन दिले असते, शाळेच्या गेटवर घोषणा दिल्या असत्या. इथे तसे करता येत नाही. त्याच वर्षी, त्याच वस्तीतल्या, 68 टक्के मिळालेल्या एका मुलाबद्दल याच सरांनी पालकांना सांगितले होते, ‘‘डिप्लोमाला टाका, पोरगं मार्गाला लागेल.’’ 68 टक्क्यांचा मुलगा मार्गाला लागतो आणि 81 टक्क्यांच्या मुलीला झेपत नाही. हा हिशोब कोणत्या पुस्तकातला?

त्या संध्याकाळी आम्ही सरांना फोन केला. ते चिडले नाहीत. शांतपणे एकेक गोष्ट मोजत गेले. सायन्सचे ज्युनिअर कॉलेज गावापासून लांब. प्रॅक्टिकल संपेपर्यंत संध्याकाळची एसटी निघून जाते. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीला अचानक सगळी पुस्तके इंग्रजीत. वर्गात जे शिकवायचे ते खाजगी क्लासमध्ये शिकवले जाते आणि क्लासची फी त्या बापाच्या चार-पाच महिन्यांच्या मजुरीएवढी. घरात विचारायला कोणी नाही. ‘‘अशा तीन मुली मी सायन्सला पाठवल्या,’’ सर म्हणाले. ‘‘दोघी बारावीत अडकल्या. एकीचं त्याच मे महिन्यात लग्न लावलं. आता मी कोणत्या तोंडाने सांगू?’’

आमच्याकडे उत्तर नव्हते. सर खोटे बोलत नव्हते. पण मुलीच्या कानावर गेले ते ‘एसटी नाही’, ‘क्लासला पैसे नाहीत’, ‘पुस्तके इंग्रजीत आहेत’ असे गेले नाही. तिच्या कानावर गेले ते ‘तुला झेपणार नाही’ असे. व्यवस्थेचा दोष मुलीच्या डोक्यात ढकलला गेला, आणि ढकलणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. आमचा सगळा वाद या एका जागेवर आहे.

पेण-रोह्याचा भूगोल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रोह्याला लागून धाटावची एमआयडीसी आहे. रंग, औषधे, रसायने यांचे कारखाने. रोहा तालुक्यातच नागोठण्याला पेट्रोकेमिकलचा प्रचंड प्रकल्प आहे, जो सरकारी आयपीसीएलने उभारला आणि पुढे खाजगी झाला. पेण तालुक्यात डोलवीला पोलादाचा कारखाना. या दोन तालुक्यांत रसायनशास्त्र पुस्तकातून बाहेर येऊन धुराड्यातून दिसते, कुंडलिकेच्या पाण्याला वासाने ओळखू येते. आणि आपल्या वस्त्यांमधून या कारखान्यांत जाणारी माणसे कोण? कंत्राटी कामगार, हेल्पर, हाऊसकीपिंग. ठेकेदाराचा गेटपास गळ्यात घालून आत जाणारी. तिथल्या प्रयोगशाळेत नमुना तपासणारी, यंत्राच्या पॅनलसमोर बसणारी आपली मुलगी आम्हाला इतक्या वर्षांत बोटावर मोजण्याइतकीच भेटली. जमीन रायगडची, पाणी रायगडचे, प्रदूषण रायगडचे आणि केमिस्ट मात्र बाहेरून येणार, हे आपण किती दिवस मुकाट्याने पाहणार आहोत?

मुली हुशार नाहीत असे कुणी म्हणू शकत नाही. 2024 च्या दहावीच्या निकालात राज्यातल्या 97.21 टक्के मुली उत्तीर्ण झाल्या, मुले 94.56 टक्के. दरवर्षी वर्तमानपत्रात ‘यंदाही मुलींची बाजी’ असा मथळा येतो, आणि आपण तो वाचून खूश होतो. पुढे ही बाजी जाते कुठे? केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात 2020-21 साली देशातल्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांत मुली निम्म्याहून जास्त होत्या. बी.टेक.मध्ये मात्र शंभरात 29. म्हणजे विज्ञान मुलींना झेपते, हे त्यांनी दाखवून दिले आहे. ज्या शिक्षणातून थेट नोकरी, पगार आणि यंत्रावरचा ताबा मिळतो तिथे त्यांची रांग निम्म्यावर येते. आणि हे सगळ्या मुलींचे सरासरी चित्र. त्यात बौद्धवाडीतली मुलगी, कातकरीवाडीतली मुलगी किती, हे ज्याने त्याने आपल्या तालुक्यात हिंडून पाहावे.

आता बाबासाहेबांकडे येऊ. ‘शिका’ हा शब्द आपण भिंतीवर रंगवला, पण काय शिका याबद्दल बाबासाहेब किती नेमके बोलले होते हे आपण विसरलो. जुलै 1942 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या तक्रारींचे एक सविस्तर निवेदन दिले. त्यात शिक्षणाचा भाग मुद्दाम काढून वाचा. नुसते कला आणि कायद्याचे शिक्षण घेऊन अस्पृश्य समाजाची फारशी प्रगती होणार नाही, त्याला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे वरच्या दर्जाचे शिक्षण पाहिजे, आणि ते इतके महाग आहे की सरकारी मदतीशिवाय या समाजाच्या आवाक्यात येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. त्यासाठी त्यांनी देशातल्या आणि परदेशातल्या शिक्षणासाठी मिळून वर्षाला 3 लाख रुपयांची मागणी केली. इतकेच करून ते थांबले नाहीत. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत अस्पृश्य मुलांना उमेदवार म्हणून घेऊन तांत्रिक शिक्षण द्या, हीही मागणी त्यात आहे. आज ज्याला आपण अॅप्रेंटिसशिप म्हणतो ती. 1944 पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, ती याच खटपटीचे फळ.

बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्राचे आणि कायद्याचे पंडित. तरी आपल्या समाजासाठी त्यांनी प्रयोगशाळा आणि कारखाना मागितला. का? कारण फळ्यापर्यंत जाऊ न देण्याचा अर्थ त्यांना लहानपणीच कळला होता. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले, तेव्हा वर्गात एकच गोंधळ झाला होता. सवर्ण मुलांचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. भीमराव फळ्याला हात लावायच्या आत त्यांनी ते धावत जाऊन उचलले. त्या शिक्षकांनी बोलावले, हे आम्हाला यात महत्त्वाचे वाटते. वर्ग गोंधळला तरी त्यांनी बोलावले.

दुसरी एक हकिकत केरळची आहे, ती आपल्या मुलींना कुणी सांगत नाही. दाक्षायणी वेलायुधन, जन्म 1912, कोचीन संस्थानातल्या पुलया जातीत. पुढे संविधान सभेत बसलेल्या त्या एकमेव दलित महिला. संविधान सभेमुळे त्यांचे नाव थोडेफार घेतले जाते, पण त्यांची पदवी कशातली? रसायनशास्त्रातली. एर्नाकुलमच्या महाराजा कॉलेजात 1935 साली त्या बी.एस्सी. झाल्या. प्रयोगशाळेत एक सवर्ण शिक्षक त्यांना प्रयोग जवळून दाखवत नसे. त्या लांब उभ्या राहून पाहत आणि तसेच शिकल्या. आपल्याकडे मुलींना विज्ञानाची प्रेरणा म्हणून कमला सोहोनी यांचे नाव सांगतात, आणि ते सांगायलाच हवे. 1933 साली मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या या मुलीला बंगळूरच्या संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नाकारले. ती हटून बसली आणि अटी घालून का होईना प्रवेश मिळवला, पुढे केंब्रिजची पीएच.डी. झाली. पण तिचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. हटून बसायला पाठीमागे घर होते. ज्या मुलीच्या घरात रसायन म्हणजे बापाच्या हातावरचे डाग, तिने कुणाच्या जोरावर हटून बसायचे? तिच्याकडे एकच माणूस असतो, तिचा शिक्षक. तो जे बोलेल ते तिच्यासाठी विद्यापीठाचा निकाल असतो.

मग शिक्षक काय बोलतो? इथे आपल्याला न आवडणारी एक गोष्ट सांगतो. रेमा हॅना आणि ली लिंडन या दोन संशोधकांनी भारतात एक प्रयोग केला, तो 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या उत्तरपत्रिका शिक्षकांना तपासायला दिल्या आणि पहिल्या पानावर मुलाची जात, वय, लिंग चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटेल तसे लिहिले. उत्तरपत्रिका तीच, जात वेगळी. खालच्या मानलेल्या जातीचे नाव दिसले की गुण थोडे घसरले. फरक मोठा नव्हता, पण होता. आणि बोचणारी गोष्ट पुढे आहे. असे कमी गुण देण्यात आघाडीवर होते ते स्वतः त्याच जातींमधून आलेले शिक्षक. आमच्या तरुण मित्रांपैकी काहींना हे सांगितले तर ते संतापले. म्हणाले, हा बदनामीचा डाव आहे. आम्हाला तसे वाटत नाही. स्वतःला ज्या जगाने कमी लेखले त्या जगाचे माप माणूस नकळत खिशात घेऊन फिरतो, आणि आपल्या लेकरांना तेच लावतो. बाबासाहेबांनी ज्या गुलामगिरीची जाणीव करून द्यायला सांगितले, ती यापेक्षा वेगळी होती काय?

म्हणून रोह्याच्या त्या सरांवर आम्ही रागावलो नाही. पण त्यांना सोडूनही देणार नाही.

शिक्षकांना ‘मुलींना विज्ञानासाठी प्रोत्साहन द्या’ असे सांगणारी शिबिरे आम्ही पाहिली आहेत. हॉलमध्ये बॅनर, कल्पना चावलाचा फोटो, चहा-बिस्किटे, शेवटी प्रमाणपत्र. शिक्षक सही करून परत जातो, आणि शाळेत त्याची वाट पाहत असते ऑनलाइन माहितीची लिंक, खिचडीचा हिशोब, मतदार यादीचे काम. विज्ञान आणि गणित दोन्ही एकाच माणसाकडे. प्रयोगशाळा म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतले एक कपाट, ज्याची किल्ली एकाकडेच, कारण परीक्षानळी फुटली तर भरून कोण देणार? दहावीच्या विज्ञानाला 80 गुण लेखी आणि 20 गुण प्रात्यक्षिकाचे. ते 20 गुण शाळा देते. वर्षभरात एकदाही स्पिरिटचा दिवा न पेटवता 19 गुण मिळालेल्या मुली आम्हाला भेटल्या आहेत. ही मुलींवरची मेहेरबानी समजू नका. ती अकरावीच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा ब्युरेट हातात घेते तेव्हा तिचा हात थरथरतो आणि शेजारची शहरातली मुलगी हसते. ‘तुला झेपणार नाही’ हे वाक्य त्या क्षणी तिला खरे वाटू लागते.

खरे तर या दोन तालुक्यांतल्या शिक्षकाला प्रयोगशाळा गावातच सापडेल. पेण तालुक्यातल्या हमरापूर, जोहे भागात घरोघर गणपतीचे कारखाने. तिथे काम करणाऱ्या मुलीला विचारा, साच्यात प्लास्टर ओतल्यावर काय होते. ती सांगेल, घट्ट होताना गरम होते. तिला हे हाताने माहीत आहे. दहावीच्या पुस्तकात याच गोष्टीला उष्मादायी अभिक्रिया म्हटले आहे, आणि ती व्याख्या ती रडतखडत पाठ करते, कारण हाताला माहीत असलेले आणि पुस्तकात छापलेले एकच आहे हे तिला कुणी सांगितलेले नाही. शाडू पाण्यात विरघळल्यासारखी सुटते आणि प्लास्टर सुटत नाही, हा रसायनशास्त्राचा पूर्ण तास आहे. खारेपाटात भरतीचे पाणी बांध फोडून शेतात शिरले की पुढची काही वर्षे भात का होत नाही, हा दुसरा तास. हेटवणे धरण पेण तालुक्यात, त्याचे पाणी जाते नवी मुंबईला, आणि खारेपाटातल्या बाया उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, हा तर विज्ञान आणि राज्यशास्त्र यांचा जोडतास. महाडच्या तळ्याचा वारसा सांगणाऱ्या जिल्ह्यात पाण्याचा पीएच मोजायला शिकलेली मुलगी हवी की नको? कारखान्याने सोडलेल्या पाण्याचा नमुना घेऊन जिने अहवाल लिहिला, तिच्याशी अधिकाऱ्याला वेगळ्या आवाजात बोलावे लागेल.

कातकरी मुलींचे आणखी वेगळे आहे, आणि आमच्या लेखांत ते बहुतेक राहून जाते, ही आमचीही चूक. दिवाळी झाली की कुटुंबे वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. दहावीची परीक्षा मार्चमध्ये. मुलगी हुशार असली तरी शाळेच्या पटावर ती नोव्हेंबरनंतर नुसते नाव. तिच्यापुढे विज्ञान की कला हा प्रश्न येतच नाही. आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय पेणमध्येच आहे. भट्टीच्या हंगामात मुलींना राहायला जागा, जेवण आणि अभ्यास यांची सोय हा त्या कार्यालयाच्या दारात नेण्याचा प्रश्न आहे. त्यासाठी मुंबईला मोर्चा नेण्याची गरज नाही. जातीच्या दाखल्याचेही तेच. 1950 पूर्वीचा पुरावा आणा म्हणतात. ज्यांच्या आज्याला सातबारा नव्हता, शाळा नव्हती, त्यांनी कुठला पुरावा आणायचा? दाखला नाही तर पडताळणी नाही, पडताळणी नाही तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची राखीव जागा नाही. विज्ञानाची वाट तहसील कचेरीच्या पायरीवरच बंद होते.

आणि आता राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात काय आले ते पाहा. 2024 मध्ये त्याची चर्चा झाली, पण आपल्या लोकांनी ती फार मनावर घेतली नाही. गणित-विज्ञानात 35 ऐवजी 20 गुण मिळाले तरी दहावी उत्तीर्ण, मात्र गुणपत्रिकेवर शेरा, की या विद्यार्थ्याला पुढे गणित-विज्ञानाचे शिक्षण घेता येणार नाही. ऐकायला दयाळू वाटते. नापासाचा शिक्का टळला, मूल घरी बसले नाही. आम्हालाही पहिल्यांदा वाचताना बरे वाटले होते. पण 20 ते 35 च्या मधे कोण सापडणार? जिथे गणिताचा शिक्षक नाही ती शाळा, जिथे एसटी येत नाही ते गाव. पूर्वी नववी-दहावीला ‘सामान्य गणित’ हा सोपा पर्याय होता, तो घेतलेल्या मुलांची पुढची वाट अशीच बंद व्हायची, म्हणून तो बंद करावा लागला. तोच दरवाजा आता दुसऱ्या नावाने उघडायचा आहे. शिक्षक तोंडाने म्हणत होता ते आता सरकार छापून देणार. त्याच्या जोडीला 20 पेक्षा कमी पटाच्या सुमारे 14 हजार शाळा ‘समूह शाळा’ म्हणून एकत्र करण्याचा 2023 चा प्रस्ताव ठेवा. कोकणातल्या वाड्यांवरच्या शाळा त्यात पहिल्यांदा येतात. शाळा लांब गेली की मुलगा सायकलने जाईल. मुलीचे काय होते, हे पुन्हा सांगायला नको.

शिक्षकाला मदत करा म्हणजे काय करा, असा प्रश्न आमच्या बैठकीत एका पोराने विचारला. आम्ही म्हटले, त्याच्या सल्ल्याखालची जमीन बदला. सरांनी फोनवर जी यादी मोजली, तीच आपल्या कामाची यादी आहे. तालुक्याच्या ठिकाणी मागासवर्गीय मुलींचे वसतिगृह आहे का, त्यात किती जागा, किती रिकाम्या, कोणी विचारले? गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. पास मोफत आणि गाडीच नाही, याला सवलत म्हणत नाहीत. आगारप्रमुखाला प्रॅक्टिकलची वेळ सांगून संध्याकाळची एक फेरी पाऊण तास पुढे सरकवायला लावणे हे कुठल्याही जयंती समितीला जमणारे काम आहे.

माहितीचे काम त्याहून सोपे. दहावीला 35 टक्के असले तरी पॉलिटेक्निकच्या डिप्लोमासाठी अर्ज करता येतो. तीन वर्षांचा डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. शासकीय पॉलिटेक्निक पेणमध्येच आहे, आणि त्याच मुंबई-गोवा रस्त्याने खाली लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ 1989 पासून उभे आहे. नाव बाबासाहेबांचे, जिल्हा महाडचा, आणि आपल्या किती मुलींनी त्याचे गेट ओलांडले? अनुसूचित जातीच्या मुलीला शिष्यवृत्ती नाहीतर फ्रीशिप आहे, वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. 2024 च्या शासन निर्णयाने 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या इतर मागास आणि आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलींचीही व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली, म्हणजे शेजारच्या आगरी, कुणबी वाडीतल्या मुलींनाही हे सांगायचे आहे. आयआयटीत 2018 पासून मुलींसाठी वाढीव जागा आहेत. हे एका कागदावर, मराठीत, तारखांसह छापून दहावीच्या प्रत्येक वर्गशिक्षकाच्या हातात सप्टेंबरमध्ये द्या. जूनमध्ये दिलेला कागद उशिराचा असतो. सल्ला तोपर्यंत देऊन झालेला असतो. शिक्षकाला हे माहीत नाही हा त्याचा गुन्हा नाही. आपल्याला माहीत असून आपण व्हॉट्सअॅपवर फिरवत बसलो, हा आपला आहे.

आता घराच्या आत. 25 डिसेंबर 1927 ला याच जिल्ह्यात मनुस्मृती जाळली गेली, आणि त्याच परिषदेच्या निमित्ताने बाबासाहेब आपल्या आयाबायांशी वेगळे बोलले, मुलींना शिकवा म्हणाले. जवळपास शंभर वर्षे झाली. आमच्या ओळखीच्या एका कार्यकर्त्याने मुलाला पनवेलच्या क्लासला खोली घेऊन ठेवले आणि मुलाहून जास्त गुण असलेल्या मुलीला गावाजवळच्या कॉलेजात घातले. कारण विचारले तर म्हणाला, पोरीची जात, लांब कशी पाठवायची? बाई म्हणजे ‘जात’, हा शब्द त्याच्या तोंडून किती सहज निघाला! शिक्षकाला जाब विचारण्याआधी अशा प्रत्येकाने आपल्या घरात चौकशी लावावी. शिक्षकही हे पाहतच असतो. बाप पाठवणार नाही हे माहीत असल्यावर तो मुलीला स्वप्न दाखवायला कचरतो.

प्रवेश मिळाला म्हणजे झाले, असेही नाही. डॉ. पायल तडवीचे 2019 चे मरण आपण विसरू शकत नाही. एका आदिवासी मुलीने एमबीबीएस पूर्ण करून मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेतले, आणि तिथे तिला तीन वर्षेही टिकू दिले नाही. तेव्हापासून पालक आम्हाला विचारतात, तिथे माझ्या पोरीचे कोण आहे? मोर्चे आपण काढले, बरे केले. पण लोणेऱ्यात, पेणला, मुंबईच्या वसतिगृहांत शिकणाऱ्या आपल्या मुलींची साधी नावनिशी आपल्या कुठल्या संघटनेकडे आहे? महिन्यातून एकदा फोन करून ‘जेवलीस का, वर्गात कोणी त्रास देत नाही ना’ असे विचारणारी एक मोठी बहीण प्रत्येक मुलीमागे असली, तर शिक्षकही पुढच्या मुलीला धीराने पाठवेल.

विहारात आलेल्या त्या मुलीचे काय झाले, ते सांगायचे राहिले. तासभर बोलणे झाल्यावर आईने पसंतीक्रम बदलायला होकार दिला. दुसऱ्या फेरीत सायन्सला नंबर लागला. पहिल्या चाचणीत तिला फिजिक्समध्ये 25 पैकी 7 गुण मिळाले. रसायनशास्त्रात 16. सरांचा फोन आला, ‘‘मी म्हणालो होतो.’’ त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, काळजी होती. आम्ही त्यांना विचारले, तुम्ही रविवारी विहारात याल का? म्हणाले, गणित घेईन, अकरावीचे फिजिक्स माझ्याकडून होणार नाही, विसरलो. गेले तीन रविवार ते येतात. मुली चार आहेत आता, एक कातकरीवाडीतली, नववीतली, ती नुसती ऐकत बसते.

फिजिक्स शिकवणारे अजून कोणी मिळालेले नाही. मराठीत समजावून इंग्रजी शब्द पक्के करून घेणारे पाहिजे. दिवा-रोहा गाडीने येणाऱ्याला आम्ही स्टेशनवरून घेऊन जाऊ, दुपारचे जेवण आमच्याकडे. इंजिनिअरिंग झालेली, नोकरीला लागलेली आपली कितीतरी मुले-मुली पनवेल, ठाणे, कल्याणला राहतात. त्यांच्यापैकी कुणाला महिन्यातले दोन रविवार काढता येतील? मार्चपर्यंत फक्त, नंतरचे नंतर पाहू.